हवा दिसली त्या दुपारी

दादानं आयुष्यात पहिल्यांदाच, कोणाची ऑर्डर नसताना, बोर्ड छापला.

त्याची धाकटी बहीण छापखान्यात शिरली तेव्हा बोर्ड नुकताच मशीनवरून उतरला होता. शाई अजून ओली होती. पिवळ्या पाटीवर टपोऱ्या काळ्या अक्षरांत एवढंच होतं: ‘आमची मुलं शाळेत आहेत की काचेच्या बरणीत?’ आणि तो एकच नव्हता. भिंतीला टेकवून तसेच बरेच रांगेनं वाळत ठेवले होते.

“हे कुठे लावणार आहेस?” तिनं विचारलं.

“लावणार नाही. हातात धरणार. आज दुपारी, ताईच्या शाळेत.”

“पालकसभेत? दादा, ती सभा ताईनं बोलावलीये.”

“म्हणूनच. मुख्याध्यापिकेला नाही दाखवायचे तर कोणाला दाखवायचे, भिंतीला?”

त्यानं हात पुसले आणि मागच्या खोलीचं दार पायानं ढकललं. आत काय आहे हे धाकटीला ठाऊक होतं. तरी ती उंबऱ्यातच थबकली. गेल्या दीड-दोन वर्षांत आरोग्य कार्यालयानं काढलेला प्रत्येक बोर्ड तिथे होता. मजकूर लिहायचा धाकटीनं, मंजूर करायचा वरच्यांनी, आणि छापायचा दादानं. गावभर ज्या पाट्यांवरून लोक भांडत होते त्या एका अर्थी घरचंच पीक होत्या. मास्कची गरज नाही. मास्क लावा. शाळा बंद. शाळा सुरू. शाळा अर्ध्या सुरू. लस घ्या, निर्धास्त व्हा. लस घेतली तरी काळजी घ्या.

“हे वाच,” दादा म्हणाला. “आणि आता हे वाच. दोन्ही तुझंच. दोन्ही मीच छापलं. गिऱ्हाईक मला विचारतं, यातलं खरं कुठलं? काय सांगू मी? ज्याची शाई ओली ते खरं?”

“त्या त्या वेळी जेवढं माहीत होतं तेवढं लिहिलं.”

“मग ‘आत्ता एवढंच माहीत आहे’ असं का नाही लिहिलं?”

“लिहिलं होतं.” धाकटीचा आवाज चढला. “प्रत्येक वेळी लिहिलं होतं. कागद वर जायचा आणि खाली यायचा तेव्हा नेमकी तीच ओळ गळलेली असायची. म्हणे, एवढं सांगितलं तर लोक गोंधळतील.”

“आणि आता लोक काय करतायत? डोलतायत?”

ऑफिसात तिनं हेच वाक्य, थोड्या सभ्य शब्दांत, वरच्यांना ऐकवलं होतं आणि त्यानंतर तिला दोन बैठकांना बोलावणं आलं नव्हतं. पण हे दादाला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला आत्ता भांडायला एक माणूस हवा होता, आणि तिच्याइतकं हातचं दुसरं कोणी नव्हतं.

“चिमणी आज काय म्हणाली माहितीये?” दादानं विचारलं. चिमणी म्हणजे त्याची मुलगी, तिसरीतली. जिच्या तोंडाला पूर्वी कुलूप घालावं लागायचं. “म्हणाली, बाबा, मी बाकावरच्या त्या प्लास्टिकच्या डब्यात बसले की मला बाईंचं ऐकू येत नाही. मी म्हटलं, मग सांगायचं ना बाईंना. तर म्हणते, माझंही त्यांना ऐकू येत नाही. आता ती घरीसुद्धा बोलायचं सोडत चाललीये. आणि आत्याच्याच शाळेत हे!”

“मग ताईशी बोल. पाट्या कशाला?”

“बोलून झालं सगळं. आपण सगळं ऐकलं, धाकटे. बाबांच्या वेळी नियम होता, आत कोणी जायचं नाही. मी पाळला. दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो, शहाण्या मुलासारखा. एकटे गेले ते. आणि त्यानंतर लगेच, पंधरवडाही झाला नसेल, नियम बदलला. जवळच्या एका नातेवाइकाला आत जाता येईल.” तो थांबला. “तो बोर्डही मीच छापला.”

मशीन थांबलं होतं. धाकटीनं एक ओली पाटी उचलली, अक्षरांना बोट लागणार नाही अशी, आणि खिडकीजवळच्या उजेडात नेऊन ठेवली. तिथे लवकर वाळेल म्हणून. मग तिला स्वतःचंच नवल वाटलं, की आपण हे काय करतोय.

*

शाळेत ताईला सकाळपासून दोन फोन आले होते. पहिल्या बाई रडत म्हणाल्या होत्या, शाळा बंद करा, तुम्हाला आमच्या पोरांचे जीव घ्यायचेत का. दुसरे गृहस्थ ओरडून म्हणाले होते, हे प्लास्टिक काढा, तुम्हाला आमच्या पोरांना वेडं करायचंय का. ताईनं दोघांनाही “आपण दुपारी बोलू” असं सांगितलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ती एकटी, हातात घंटा घेऊन.

ती हॉलच्या दारात उभी होती. वर्ग अपुरे पडतात म्हणून तिसरी आणि चौथी इथेच भरायची. प्रत्येक बाकाला तीन बाजूंनी पारदर्शक प्लास्टिकचे पडदे, पक्क्या चौकटीत स्क्रूनं बसवलेले. जमिनीवर बाण. वरून आलेल्या सूचनांत पडद्यांची उंची दिली होती, जाडी दिली होती, ते पुसायचं औषधसुद्धा दिलं होतं. ते मिळवायला तिनं गावातल्या प्रत्येक दुकानदाराचे उंबरे झिजवले होते. पडदे बसले त्या दिवशी ती इथेच उभी राहून एकटीच हसली होती. वाटलं होतं, आता काही होणार नाही यांना.

एक गोष्ट मात्र तिला तेव्हापासून खुपत होती. मुलं घरी गेल्यावर ती पडदे पुसायला मदत करायची, आणि त्या चौकटींच्या आत वाकलं की कोंदट वास यायचा. सुट्टीनंतर कपाट उघडल्यावर येतो तसा. तिनं दोन पत्रं पाठवली होती, की कोणी हवेतलं जाणकार येऊन बघेल का. कोणी आलं नव्हतं.

“सरक जरा,” मागून आईचा आवाज आला. “जावईबापूंच्या हातात जड आहे.”

आई पुढे, आणि तिच्यामागे दोन काळ्या पेट्या ओढत धाकटीचा नवरा. तो नाटकांचे दिवे करायचा. नाट्यगृहांना कुलूप लागल्यापासून दादा त्याला भेटला की न चुकता विचारायचा, “काय जावईबापू, सध्या काय दिवे लावताय?” आणि तो बिचारा न चुकता हसायचा.

“आई, नक्की हे करायचं?” ताईनं विचारलं. “लोक आधीच पेटलेत. त्यात आपण खेळ मांडल्यासारखं दिसेल.”

“मांडू या की,” आई म्हणाली. “शब्द ऐकून ऐकून कान किटलेत लोकांचे. मी एकदा पहिल्या रांगेत बसून यांचं नाटक पाहिलं होतं. तो नट तावातावानं बोलत होता, आणि मागून दिवा आला तर त्याच्या तोंडून उडणारं सगळं दिसत होतं. तुषार, वाफ, सगळं. माझं नाटकाकडे लक्षच राहिलं नाही. काल तू त्या कोंदट वासाचं बोललीस तेव्हा मला ते आठवलं. यांना म्हटलं, शाळेत दाखवता येईल का?”

“मी म्हटलं, दाखवता येईल,” जावई पेटीचं झाकण उघडत म्हणाला. “पण काय दिसेल ते मलाही माहीत नाही, ताई. आत्ताच सांगतो. तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं.”

ताईनं बाकांच्या रांगांकडे पाहिलं. दुकानदारांचे उंबरे आठवले. मग म्हणाली, “जाऊ दे गेलं तर. लावा.”

आई खुर्चीवर टेकली. चित्रकलेच्या वर्गात, हॉलला लागूनच, आज लसीचं टेबल होतं. आईच्या वयाच्या बायका केव्हाच अशा टेबलांवर जाऊन आल्या होत्या. ती गेली नव्हती. कोणी विचारलं की म्हणायची, “घरात मतं दोन आणि दंड एक. पोरांचं आधी एकमत होऊ दे.” ताईला हे लागायचं. पण आईला आग्रह करायला गेलं की दादा दुखावणार, आणि न करावा तर धाकटी. म्हणून ताई गप्प राहायची. गप्प राहणं हीच तिची घरातली नोकरी झाली होती.

*

दादा पाट्यांसकट पोहोचला तेव्हा हॉल भरला होता. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि आत काही फार वेगळं नव्हतं. हिटर बंद ठेवलेला दिसत होता. खिडक्यांना काळे पडदे लावले होते. हे काय नवीन, असं त्याच्या मनात आलं, पण तो पाटी उंच धरून सरळ पहिल्या रांगेपुढे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे त्याच्या बाजूचे लोक. पलीकडे दुसरी बाजू, तोंडावर दोन-दोन मास्क लावलेली. मधल्या वाटेत कोणी जाईना.

“सोमवारी शाळा भरणार की नाही, एवढंच सांगा,” मागून एक उंच गृहस्थ ओरडले. “आणि भरली तर ह्या पिंजऱ्यात नाही!”

“पिंजरा? माझ्या मुलाला दमा आहे,” दुसऱ्या बाजूनं एक बाई उठल्या. “तुमच्या हौसेपायी त्यानं मरायचं का?”

“हौस? शिकणं हौस आहे?”

“सांगणाऱ्यांनाच काही माहीत नाही! रोज नवीन!”

“बरोबर आहे,” धाकटी म्हणाली. ती व्यासपीठाशी उभी होती. आरोग्य कार्यालयाचं ओळखपत्र तिच्या गळ्यात होतं आणि ते तिनं लपवलं नव्हतं. “त्या पाट्या मी लिहिते. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या शेवटी घेते, सगळ्या. पण आधी आपण ज्यावरून भांडतोय ती वस्तू एकदा बघू या का?”

“कुठली वस्तू?”

“हवा,” ती म्हणाली.

कोणीतरी खो खो हसलं. तेवढ्यात दिवे गेले.

पूर्ण काळोख. खुर्च्या करकरल्या. दादाला राग आला, की ही कसली पोरकट युक्ती. आणि मग मागच्या कोपऱ्यातून उजेडाचा एक पट्टा निघाला, तलवारीच्या पात्यासारखा, आणि व्यासपीठावरच्या एका खुर्चीला मागून भिडला. खुर्चीत आई बसली होती. तोंडावर काही नव्हतं. मागे नुसता काळा पडदा.

“बोला, आई,” अंधारातून जावयाचा आवाज आला.

“काय बोलू?”

ती दोनच शब्द बोलली, आणि तिच्या तोंडातून एक पांढरा ढग निघाला.

थंडीत तोंडातून वाफ निघते हे काय कोणाला माहीत नव्हतं? रोजचंच आहे. पण असं कोणी पाहिलं नव्हतं. त्या ढगाला कडा होत्या. त्याला पोट होतं, शेपूट होती. आत बारीक चमकते ठिपके होते, ते आधी खाली आले. ढग मात्र खाली येईना. तो वळत, उलगडत पुढे निघाला, कोणी सोडलेल्या पाखरासारखा, सावकाश.

“सांगते मग,” आई म्हणाली, आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक नवा ढग. “घाबरायचं नाही. आधी श्वास सोडायचा. पूर्ण सोडायचा. घेणं आपोआप येतं.”

अंधारात कुठेतरी हशा पिकला. ओळखीचा, ओलसर हशा. गावातल्या तलावावर आईनं जन्मभर पोहायला शिकवलं होतं. या हॉलमधल्या निम्म्या बाप्यांना आणि बायकांना हेच वाक्य तिनं कमरेएवढ्या पाण्यात ऐकवलं होतं. पण दादा हसला नाही. कारण तो ढग त्याच्याकडे येत होता.

तो सरळ त्याच्याकडे येत होता. पाटीच्या कडेला लागला, दुभंगला, पुन्हा जुळला. आईच्या आतून निघालेली, क्षणापूर्वी तिच्या छातीत असलेली हवा. दादा नकळत एक पाऊल मागे सरला. आणि सरल्याबरोबर त्याला इतकी लाज वाटली की तो पुन्हा पुढे झाला आणि तिथेच उभा राहिला. ढग त्याच्या तोंडापाशी आला आणि दिसेनासा झाला. गेला कुठे हे त्याला कळलं. त्यानं श्वास घेतला होता.

“आता जरा सगळ्यांवर आणतो,” जावई म्हणाला.

उजेडाचं पातं वळलं आणि प्रेक्षकांच्या डोक्यांवरून आडवं गेलं. त्यात जे दिसलं त्याबद्दल पुढे कितीतरी दिवस गावात लोक बोलत होते, आणि बोलताना हात वर करून दाखवत होते. प्रत्येक तोंडातून, मास्कच्या वरून, बाजूनं, मफलरमधून, बारीक पांढरी वाफ वर चढत होती. मास्कवाल्यांची कमी, हळू, डोळ्यांपाशी फटीतून निघणारी. बिनमास्कवाल्यांची सरळ, लांब. आणि डोक्यांच्या वर, हातभर उंचीवर, या सगळ्या एकमेकींत मिसळत होत्या. मधली वाट मोकळी ठेवली होती ना दोन्ही बाजूंनी? हवेत ती वाट नव्हती. दमेकरी मुलाच्या आईचा श्वास आणि त्या उंच गृहस्थांचा श्वास तिथे एकत्र फिरत होते, आणि कोणाचा कुठला हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.

मग एक गंमत झाली. कोणी सांगितलं नाही, ठरवलं नाही, पण सगळ्यांनी श्वास रोखला. एकामागून एक वाफा थांबल्या. उजेडाचा पट्टा हळूहळू रिकामा, स्वच्छ होत गेला. एवढी भरलेली खोली आणि तिच्यात कोणीच नसल्यासारखं. दादाच्या कानात स्वतःचं काळीज वाजायला लागलं. आणि मग कोणाला तरी दम धरवेना. तो फुस्सकन सुटला, त्याच्यामागून दुसरा, आणि एकदम सगळा हॉल सुटला. एक प्रचंड पांढरी लाट वर उठली, छताला जाऊन भिडली.

“अरे बापरे!” कोणीतरी लहान मुलासारखं म्हणालं. ते उंच गृहस्थ होते.

दादाची पाटी केव्हाच खाली आली होती. तो मान वर करून बघत होता. आपण आजवर यातच राहत होतो, त्याच्या मनात आलं. रोज. जन्मल्यापासून.

*

पुढचं काम नाटकातल्या धुराच्या यंत्राचं होतं, आणि ते ताईनं स्वतः केलं. जावयानं दाखवलं तशी ती एका बाकावर बसली, तिसरीतल्या मुलीच्या जागी, गुडघे पोटाशी घेऊन, तीन पडद्यांच्या मधे. धुराची नळी तिच्या शेजारी.

“हा धूर म्हणजे आजार नाही,” धाकटीनं आधीच सांगितलं. “पण हवा जिथे जाते तिथे तो जातो, आणि हवा जिथे अडकते तिथे अडकतो. तेवढंच बघायचं. जास्त काही नाही.”

धूर निघाला. समोरच्या पडद्यावर आपटला, वळला आणि परत ताईच्याच तोंडावर आला. भरत गेला. बघता बघता पडद्यांच्या आत ताईचा नुसता आकार उरला. बाहेर मोकळ्या बाकावर सोडलेला धूर मात्र पसरून केव्हाच विरळ झाला होता. जावयानं एका बाजूच्या खिडक्या उघडल्या. आतला धूर जेमतेम हलला. मग दुसऱ्या बाजूच्याही उघडल्या. गार वारा आरपार घुसला, आणि हॉलमधला सगळा धूर एका अंगानं सरकत, चादर ओढून घ्यावी तसा, खिडक्यांतून बाहेर पडला. मैदानावर खेळत थांबलेली मुलं किंचाळत त्यात धावली.

पण बाकांच्या चौकटींत तो तसाच राहिला. रांगेनं, एकेका डब्यात साठून, सावकाश घुमत. तिथे रोज मुलांची तोंडं असायची.

ताईला रडू आलं नाही. तिला स्वतःलाच याचं आश्चर्य वाटलं. तिला फक्त एवढंच दिसत होतं की हे किती सुंदर आहे आणि किती भयंकर, आणि दोन्ही एकाच वेळी. ती उठली, कपाटातून स्क्रूड्रायव्हर आणला आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली. चौकट मोठी होती. दुसरं टोक लोंबायला लागलं तेव्हा ते कोणीतरी पकडलं. तिनं वर पाहिलं. दादा होता.

“मी वर धरतो,” तो म्हणाला. “तू खालचा काढ.”

“दादा, मला वाटलं होतं...”

“माहितीये. मलाही काय काय वाटलं होतं. काढ लवकर, हात गारठले.”

“आणि लस?” गर्दीतून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं. आवाजात आव्हान नव्हतं, खरंच विचारत होते. “ती दिसते का याच्यात?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “ती नाही दिसत. लस घेतली तरी आजार होऊ शकतो, तुमच्याकडून दुसऱ्यालाही होऊ शकतो. पण दवाखान्यात झोपायची वेळ बरीच कमी येते, आणि तुमच्या वयाला तर फारच कमी. आत्ता एवढं माहीत आहे. उद्या आणखी कळलं तर पुन्हा येऊन सांगेन, आणि ते आजच्यापेक्षा वेगळं असू शकेल.”

“मग पाटीवर ‘निर्धास्त व्हा’ का लिहिलं?”

“लिहायला नको होतं,” ती म्हणाली. आजवर हे कार्यालयातलं कोणीही इतक्या लोकांसमोर बोललं नव्हतं. तिनं वाट पाहिली, की आता ओरडा होईल. झाला नाही. म्हातारे गृहस्थ म्हणाले, “हं. हे कळण्यासारखं आहे,” आणि खाली बसले.

सगळं काही गोड झालं नाही. दोन वडील “हा सगळा तमाशा आहे” म्हणत तावातावानं निघून गेले. थंडीत खिडक्या उघड्या ठेवायच्या तर मुलं आजारी पडतील, यावरून बराच वेळ हुज्जत झाली आणि ती खोटीही नव्हती. शेवटी ठरलं ते एवढं: सोमवारी शाळा भरणार, पडदे निघणार, दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या, मुलं कोटात आणि टोप्यांत. ज्यांना मास्क हवा त्यांनी लावायचा आणि त्यावरून कोणी कोणाला टोचून बोलायचं नाही. दमेकरी मुलाच्या आईनं खिडकीजवळचं बाक मागितलं. तिच्यासाठी ते उचलून खिडकीशी नेलं त्या उंच गृहस्थांनीच. लसीच्या टेबलापुढची रांग मात्र होती तेवढीच राहिली.

*

फक्त एका माणसानं वाढली. दादा शेवटची चौकट भिंतीला लावून आला तर आई चित्रकलेच्या वर्गाबाहेर बाकावर बसलेली, बाही अजून वर, दंडावर कापूस दाबून धरलेला. टोचल्यावर जरा वेळ बसायला सांगतात, तशी ती बसली होती.

दादाला धक्का बसला. मग जरा रागही आला. “एकमत व्हायची वाट बघणार होतीस ना?”

“बघितली. कंटाळा आला.” ती थोडी सरकली. “बैस.”

तो बसला. बाहेर मुलांचा गलका चालला होता, आणि त्यात एक चिरका, वरच्या पट्टीतला आवाज चिमणीचा होता. ती कोणाला तरी दमदाटी करत होती. दादानं तो आवाज बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता. तो ऐकत राहिला.

“तुला वाटत असेल, धाकटीनं पटवलं,” आई म्हणाली. “तिनं नाही. मगाशी माझा श्वास तुझ्यापर्यंत आला ना, ते मी पाहिलं.”

“मी मागे सरलो. चुकून.”

“सरणारच. कोणीही सरेल. तेच तर मला सांगायचंय.” तिनं कापूस काढून पाहिला, पुन्हा दाबला. “तू नेहमी म्हणतोस, बाबा एकटे गेले. मीही तसंच धरून चालले होते. आपल्यातलं कोणी नव्हतं ना. मला फोन आला होता शेवटी, माहितीये तुला. दवाखान्यातून. मी बोलले, ते ऐकत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. नुसता श्वास ऐकू येत होता मला.”

“हो.”

“तो फोन धरला होता कोणी?”

दादानं तिच्याकडे पाहिलं.

“एक नर्स होती. पोरगीच असेल, आवाजावरून. तेव्हा लस नव्हती, नीट मास्कही मिळत नव्हते त्यांना. तूच सांगायचास ओरडून. मी त्या दिवशी बोलत राहिले. काय काय बोलले, तळ्याचं, तुमचं. कितीतरी वेळ. मला थोडंच दिसत होतं, त्या खोलीत काय चाललंय. आज उजेडात दिसलं मला, खोलीत काय चाललं असेल. त्यांच्या तोंडातून निघत होतं आणि ती तिथे उभी होती. तिला दिसत नव्हतं, पण माहीत होतं. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.”

दादाचं लक्ष तिच्या दंडावरच्या कापसाकडे गेलं.

“म्हणून घेतली,” आई म्हणाली. “कोणाच्या पाटीमुळे नाही. उद्या मी तशी पडले तर पुन्हा कोणाची तरी मुलगी माझ्यापाशी तशी उभी राहील. ती राहीलच, तिला मी सांगणारी कोण? पण मला जमेल तेवढं मी तिला तिथे उभं राहायला लावणार नाही.”

बाहेरचा गलका जरा लांब गेला. हॉलमधून ताईचा आणि धाकटीचा आवाज येत होता, बाकं कुठे लावायची यावरून. चक्क ताई भांडत होती.

“नाव काय तिचं?” दादानं विचारलं.

“विचारलंच नाही रे मी. तिनंही सांगितलं नाही.”

“घाबरली नसेल?”

“घाबरली होती. मधेच फोन खरखरायचा, त्यांच्या श्वासाचा आवाज लांब जायचा. मग पुन्हा जवळ यायचा.”

दादानं अगदी हळू, एखाद्या लहान मुलासारखं विचारलं, “कुठे उभी होती ती, आई? दाराशी?”

“मीही तेच विचारलं होतं. म्हटलं, बाई, तू लांब उभी राहा, स्पीकर लाव, मला चालेल.” आई थांबली. “तर म्हणाली, नको, लांबून त्यांना तुमचा आवाज नीट जात नाही. मी इथे उशाशीच आहे.”

दादानं डोळे मिटले. उशाशी. म्हणजे तोंडापासून वीतभर.